'आय पी' सही असलेलं जुनं डच सागरचित्र: यान पोर्सेलिसचं की त्याचा मुलगा युलियसचं?

नुसत्या सहीवरून सांगता येणार नाही. त्या काळी 'आय' आणि 'जे' एकाच अक्षराने लिहीत, त्यामुळे बापलेकांची आद्याक्षरं तीच. यान 1632 साली वारला, युलियस 1645 साली. चित्र या मधल्या 13 वर्षांतलं ठरलं, तर बाप बाद. म्हणून सुरुवात ज्या लाकडी फळीवर चित्र रंगवलंय तिच्यापासून करा (कॅनव्हास असेल तर हा मार्ग बंद).

ओकच्या फळीच्या कापीव कडेवरची वाढीची वर्तुळं मोजून शेवटच्या वर्तुळाचं साल काढतात. सालीलगतचं फिकट लाकूड किडतं, म्हणून सुतार ते बहुधा काढून टाकत. त्याची किमान 8 वर्षं आणि लाकूड वाळायची 2 वर्षं त्यात मिळवा. शेवटचं वर्तुळ 1625 चं निघालं तर चित्र 1635 च्या आधीचं नाही, म्हणजे यानचं नाही. 1605 चं निघालं तर मात्र काहीच ठरत नाही. जुनी फळी मुलानेही वापरली असेल.

मग सही. दहापट भिंगाखाली बघा: रंगातला तडा अक्षरांना चिरत गेला असेल तर सही जुनी असण्याची शक्यता जास्त, अक्षरांचा रंग तड्यात उतरला असेल तर ती नक्की मागाहून घातलेली. अतिनील दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावरची डागडुजी काळी दिसते. वार्निशखालची डागडुजी मात्र या दिव्याला सहसा सापडत नाही, इथे बरेच जण फसतात. हेंड्रिक व्हान आंटोनिसन या यानच्या साडूचं स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्याचं चित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. त्यात लोक रिकाम्या वाळूकडे बघत उभे होते. 2014 साली सफाईत रंगाखालून चक्क देवमासा निघाला!

शैलीवर शेवटी या. करडं आभाळ, खाली क्षितिज, छोट्या होड्या असं तेव्हा अनेक जण रंगवत, हा साडूही त्यांतलाच. हेगच्या 'आरकेडी' या कलेतिहास संस्थेच्या मोफत ऑनलाइन संग्रहात सही आणि साल दोन्ही असलेली चित्रं काढून लाटांचे कंगोरे, दोरखंड आणि होडीतली माणसं ताडून बघा.

एवढं करूनही दोन्ही नावं उरली, तर लिलावाच्या भाषेत 'सर्कल ऑफ यान पोर्सेलिस' (यानच्या वर्तुळातल्या कुणाचं तरी) एवढंच लिहा. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचंच, असा दावा होतो. आणि सही स्पिरिटने पुसून बघू नका. खरी असली तरी जाईल.