हलणाऱ्या खांबांभोवती आणखी काँक्रीट ओतण्याआधी

बोरिवलीच्या घरामागे स्वतः उभारलेल्या परगोल्याचे (खांब-तुळयांवर रिपा टाकून केलेल्या मोकळ्या मांडवाचे) दोन खांब दुसऱ्या पावसाळ्यानंतर हलू लागले असून त्यांच्या बुडाशी आणखी काँक्रीट ओतण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. कृपया ते ओतू नका. चेंबूरला आमच्या बैठ्या घरामागे नेमके हेच घडले होते आणि तेव्हाही वरच्या तुळया, रिपा, रंग सारे ठणठणीत दिसत होते.

आधी जमिनीलगतची माती खरवडून खांबात स्क्रू-ड्रायव्हर जोराने टोचून पाहावा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरते. आमच्या खांबात ते मुठीपर्यंत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला भुसा चिकटला होता. वीतभर वर तोच खांब दगडासारखा टणक होता. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात व ती दोन्ही जमिनीच्या पातळीलाच भरपूर मिळतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते, त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये बारीक फट पडते, जूनपासून त्या फटीत पाणी उतरते आणि खांबाभोवती बादलीसारख्या बसलेल्या काँक्रीटमधून त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. आणखी काँक्रीट ओतणे म्हणजे ती बादली अधिक खोल करणे होय.

याबाबतीत माझा राग ज्याने आम्हाला लाकूड विकले त्या विक्रेत्यावर आहे. “रसायन पाजलेले लाकूड आहे, थेट काँक्रीटमध्ये गाडा, वीस वर्षे बघावे लागणार नाही,” असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते. दाबाखाली दिलेले रसायन बहुतेक लाकडांत बाहेरच्या थरातच मुरते, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्याने सांगितले नाही. लांब खांब त्याने स्वतःच्या वखारीत कापून दिले, कापलेल्या तोंडाला औषधाचा हात फिरवला नाही आणि खांब रोवायला पाठवलेल्या त्याच्याच माणसांनी नेमके ते उघडे तोंड खाली घातले. तक्रार घेऊन गेल्यावर त्याने पावती मागितली. पावतीवर केवळ “लाकूड” एवढेच लिहिलेले होते आणि तेवढ्यावर त्याने हात वर केले. म्हणून लाकूड रे रोडच्या लाकूड बाजारातून आणा की घराजवळच्या वखारीतून, जात, माप आणि प्रक्रिया या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

नवा खांब जमिनीत गाडूच नये. काँक्रीटचा पाया जमिनीच्या थोडा वर आणून त्याचा माथा चारी बाजूंना उतरता करावा, त्यात लोखंडी बूट, म्हणजे खांबाचे बूड वर धरून ठेवणारी बैठक, बसवावा आणि खांबाचे बूड जमिनीपासून निदान ४० ते ५० मिलिमीटर उंच राहील असे पाहावे. बूट गरम जस्तात बुडवून काढलेला असावा, नुसता चंदेरी रंग दिलेला नको. खाऱ्या हवेत बोल्टही लवकर गंजतात. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेलात तर खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागावेत, ३०४ प्रतीवर समाधान मानू नये. बुटावर उभा केलेला खांब गाडलेल्या खांबासारखा स्वतःच्या बळावर ताठ राहत नाही, त्यामुळे खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात दोन्ही दिशांनी तिरपे आधार द्यावेच लागतात. ते दिसायला आवडत नाहीत म्हणून अनेक जण गाळतात आणि मग सांगाडा डुलतो.

वर पारदर्शक पत्रा टाकण्याचाही आपला बेत दिसतो, त्याला माझा विरोध आहे. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात मुंबईकरिता मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे, आणि १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात शहराने ताशी शंभराच्या वरचे झोत अनुभवले आहेत. मोकळ्या रिपांमधून वारा निघून जातो. पत्रा मात्र तोच वारा अडवून सारा सांगाडा वर उपसू पाहतो. शिवाय आच्छादन आले की ते बांधकाम परवानगीच्या दृष्टीने शेड ठरू शकते, तेव्हा पालिकेच्या विभाग कार्यालयात आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. सावलीसाठी मधुमालती चढवणार असाल, तर ओल्या वेलीचे वजन मोठे असते हे धरूनच तुळया निवडाव्यात.

मी अभियंता नाही आणि आपली जमीन मी पाहिलेली नाही. ती भरावाची असेल, तर पायाची खोली संरचना अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावी. तोवर हलणाऱ्या खांबांना दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे तात्पुरते टेके द्यावेत, खालून मुलांची ये-जा बंद करावी आणि नव्या पायाचे काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दसऱ्यानंतर काढावे. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारल्याखेरीज खांब उभे करू नयेत.