घरचे मैदान, परके मैदान : भारतीय फुटबॉलच्या २०२३ विषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात भारतीय फुटबॉलच्या २०२३ या वर्षाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर कोल्हापुरातल्या पेठापेठांतून पत्रे आली. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न (मंगळवार पेठेतील एक वाचक) : २०२३ मध्ये भारताने तीन स्पर्धा जिंकल्या, जागतिक क्रमवारीत संघ शंभराच्या आत आला आणि पुढच्याच जानेवारीत आशिया चषकात एकही गोल न करता तिन्ही सामने हरला. मग ते वर्ष चांगले म्हणायचे की वाईट?

उत्तर : चांगले की वाईट हे ठरवण्याआधी कोणता सामना कुठे झाला, हे पाहावे. मार्चमध्ये इंफाळच्या तिरंगी स्पर्धेत भारताने म्यानमारला १-० आणि क्रमवारीत आपल्याहून वर असलेल्या किर्गिझस्तानला २-० असे हरवले. जूनमध्ये भुवनेश्वरला आंतरखंडीय चषकाच्या अंतिम सामन्यात लेबनॉनवर २-० असा विजय मिळवला आणि लगोलग बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा नवव्यांदा जिंकली. या तिन्ही स्पर्धांत मिळून अकरा सामने झाले; त्यांत एकही हार नाही आणि अंगावर गोल झाले ते अवघे दोन, त्यांतलाही एक साखळीत कुवेतविरुद्ध आपल्याच अन्वर अलीच्या पायाला लागून गेलेला स्वयंगोल.

सॅफचा अंतिम सामना ४ जुलैला होता. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि आमच्या गल्लीतल्या तालमीच्या खोलीत छत्र्या कोपऱ्यात टेकवून वीसेक जण एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेले. कुवेतने आधी गोल केला, मध्यंतरापूर्वी छांगतेने बरोबरी साधली आणि जादा वेळेतही १-१ कायम राहिल्याने सामना टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टीच्या फटक्यांवर गेला. पहिल्या पाच फटक्यांनंतरही कोंडी फुटली नाही. सहावा फटका महेश सिंगने जाळ्यात मारला आणि कुवेतच्या हाजियाचा फटका गुरप्रीतने झेप घेऊन अडवला, तेव्हा त्या खोलीत जो कल्ला झाला त्याने समोरच्या घरातले दिवे लागले. त्या महिन्यात भारत क्रमवारीत ९९ वा झाला.

पण सारे अकराही सामने आपल्या घरी झाले होते. शिवाय मंगोलिया आणि वानुआतू हे क्रमवारीत दीडशेच्याही खालचे संघ, तर कुवेत आणि लेबनॉन हे सॅफमध्ये पाहुणे म्हणून बोलावलेले. सप्टेंबरपासून संघ बाहेर पडला आणि चित्र पालटले. थायलंडमधील किंग्ज चषकात इराकविरुद्ध भारताने दोनदा आघाडी घेतली, दोन्ही वेळा इराकने पेनल्टीवर बरोबरी केली आणि टायब्रेकरमध्ये सामना जिंकला. त्यानंतर लेबनॉनकडून १-० अशी हार झाली, आणि ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला मलेशियाने ४-२ असे हरवले. वर्ल्ड कप पात्रता फेरीत १६ नोव्हेंबरला कुवेतमध्ये जाऊन मनवीर सिंगच्या गोलावर मिळवलेला १-० हा विजय मात्र खणखणीत होता, आणि आमच्या मते त्या वर्षातला सर्वांत मोलाचा विजय तोच, चषक नसला तरी. पाचच दिवसांनी भुवनेश्वरमध्ये कतारने ३-० असे हरवून घरच्या अपराजित वाटचालीलाही पूर्णविराम दिला.

आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. घरच्या त्या अकरा सामन्यांत भारताने १६ गोल केले. त्यांतले ८ एकट्या सुनील छेत्रीचे, पाकिस्तानविरुद्धच्या ४-० विजयातील तीन धरून. त्या ऑगस्टमध्ये छेत्रीने एकोणचाळिशी गाठली. ज्या संघाचे निम्मे गोल या वयाचा खेळाडू करतो, त्या संघापुढे जानेवारीत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया उभे राहिले, तेव्हा ०-२, ०-३ आणि ०-१ असे निकाल लागले यात आम्हाला धक्का बसण्यासारखे काही वाटले नाही. फेब्रुवारीत क्रमवारीत संघ ११७ व्या स्थानी घसरला. आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर २०२३ हे घरच्या मैदानावरचे चांगले वर्ष होते, आणि घरच्या यशावरून बाहेरचे माप काढण्याची चूक आपण सर्वांनी केली. त्या जुलैत या सदराच्या लेखकानेही केली होती.

प्रश्न (शिवाजी पेठेतील एक वाचक) : २०२२-२३ च्या मोसमात भारताचा विजेता क्लब नेमका कोणता? मोहन बागान, मुंबई, पंजाब, ओडिशा अशी चार नावे ऐकली.

उत्तर : चारही नावे बरोबर आहेत. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) साखळी जिंकणारा संघ एक आणि त्यानंतरचा एखादा बाद पद्धतीचा चषक उचलणारा दुसरा, हे कोल्हापूरकरांना नवे नाही. तोच हा प्रकार आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २० साखळी सामन्यांनंतर ४६ गुणांसह मुंबई सिटी पहिली आली आणि तिला शिल्ड मिळाली. पुढे वरच्या संघांच्या बाद फेरीत एटीके मोहन बागानने १८ मार्चला गोव्यात बंगळुरू एफसीला २-२ अशा बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये ४-३ असे हरवून करंडक नेला. सुपर लीगच्या खालची आय-लीग राउंडग्लास पंजाबने जिंकली आणि मैदानावरच्या कामगिरीच्या बळावर सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा तो पहिला क्लब ठरला. एप्रिलमध्ये कोझिकोडला झालेला सुपर कप ओडिशाने घेतला. वीस सामने झेलून पहिला येणारा तोच खरा विजेता, असे आमचे मत. मात्र तेव्हा भारतात करंडकवाल्यालाच विजेता म्हणण्याचा प्रघात होता.

राज्यांच्या संतोष करंडकाचा अंतिम सामना त्या वर्षी चक्क रियाधला झाला. तेथे कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असे हरवून ५४ वर्षांनी करंडक घरी आणला. त्याआधीचे विजेतेपद संघ म्हैसूर या नावाने खेळत असतानाचे.

प्रश्न (रविवार पेठेतील एक वाचक) : बंगळुरूविरुद्ध केरळ ब्लास्टर्सने मैदान सोडले. छेत्रीचा तो गोल नियमात बसत होता का?

उत्तर : सुपर लीगच्या बाद फेरीतला ३ मार्चचा तो सामना गोलशून्य बरोबरीत जादा वेळेत गेला होता. फ्री किक मिळताच केरळचे खेळाडू भिंत उभी करत असताना छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकला. नियमाप्रमाणे चेंडू स्थिर असेल तर प्रतिस्पर्धी ९.१५ मीटर मागे सरकण्याची वाट न पाहता फ्री किक घेता येते. मात्र पंचाने अंतर मोजून द्यायला किंवा कार्ड दाखवायला खेळ थांबवला असेल तर शिट्टीखेरीज चेंडूला पाय लावता येत नाही. त्यामुळे वाद उरतो तो पंचाने खेळ तसा थांबवला होता का, एवढाच. केरळचे म्हणणे होते की थांबवला होता, आणि पंचाने गोल दिला. त्यावर प्रशिक्षकाने संघ बाहेर काढला. भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली.

गोल योग्य की अयोग्य यावर दोन मते होऊ शकतात. पण वीसहून अधिक मिनिटे शिल्लक असताना पिछाडी अवघ्या एका गोलाची होती, हे विसरून चालत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच शाहू स्टेडियमवर एका नावाजलेल्या संघाने ऑफसाइडच्या रागात असाच खेळ सोडला, तेव्हा पायऱ्यांवर आमच्या शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ शेंगदाण्याची पुडी चुरगाळत एवढेच म्हणाले, ‘‘पंच चुकला आसंल, पर पोरं कशाला चुकली?’’

प्रश्न (राजारामपुरीतील एक वाचक) : हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनकडून ५-१ अशी दाणादाण का उडाली?

उत्तर : मुख्य कारण वेळापत्रक. आशियातील पहिल्या आठात नसल्याने फुटबॉल संघाला पाठवायचेच नाही, असे आधी ठरले होते. उशिराने परवानगी मिळाली. स्पर्धेतला पहिला सामना १९ सप्टेंबरला आणि सुपर लीग २१ सप्टेंबरला सुरू होणार, म्हणून क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते. जमेल तसा गोळा केलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला. मध्यंतरापर्यंत राहुल केपीच्या गोलामुळे १-१ होते, पुढे पाय थकले. तरीही बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी साधून भारताने बाद फेरी गाठली, तेथे सौदी अरेबियाने २-० असे हरवले.

प्रश्न (फुलेवाडीतील एक वाचक, ‘ब्राझीलवाले’ अशी सही) : नेमार मुंबईत खेळणार म्हणून आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटे काढली होती. तो आला का नाही?

उत्तर : आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी आणि नेमारचा सौदी क्लब अल हिलाल एकाच गटात होते, आणि ६ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचा सामना झाला. पण १७ ऑक्टोबरला माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध ब्राझीलकडून खेळताना नेमारचा डावा गुडघा दुखावला आणि त्याचा तो मोसमच संपला. अल हिलालने सामना २-० असा जिंकला. मुंबईने गटातील सहाही सामने गमावले. रेल्वेची तिकिटे वेळेत रद्द केली असतील, अशी आशा आहे.