खालून 'खट्ट' वाजतंय? आधी क्रॉस बघ

चोरलच्या घाटातून आल्यावर जीप वाजायला लागली म्हणून लगेच शॉकअप बदलायला निघू नकोस, भाऊ. आवाज कधी येतो ते आधी पकड. खड्ड्यात आला तर बहुधा सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) नाहीतर लिंक रॉड. पण क्लच सोडताना, रिव्हर्स टाकताना एकच 'खट्ट' होत असेल तर माझा संशय प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या जॉइंटमधल्या + आकाराच्या तुकड्यावर.

सपाट जागा, इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दगड. (नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही हं!) शाफ्ट हाताने उलटसुलट पिळून बघ. जॉइंटमध्येच ढिलाई लागली, क्रॉसच्या टोकांवरच्या कपापाशी (बेअरिंगच्या टोपीपाशी) लालसर गंजाची पूड दिसली, की क्रॉस गेला. डिफरन्शियलमध्ये (चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात) थोडी ढिलाई असतेच, तिला घाबरू नकोस. फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद जाणारी) असेल तर पुढचा शाफ्टही बघ. तो सगळे विसरतात.