३७५ रायफलला (०.३७५ इंच जाडीची गोळी झाडणारी) सॉलिड गोळी घ्यावी का सॉफ्ट पॉइंट?
प्राणी कुठला त्यावर आहे बघा. आफ्रिकेत हत्तीला सॉलिड वापरतात कारण ती आदळल्यावर पसरत, म्हणजे फुलत नाही, जाड हाड फोडून सरळ आत जाते, आणि एलंडसारख्या मोठ्या हरणाला सॉफ्ट पॉइंट, ती आत फुलते नि जनावर तडफडत बसत नाही, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ३७५ एच अँड एच, म्हणजे हॉलंड अँड हॉलंड कंपनीचं काडतूस, १९१२ चं, त्यात ३०० ग्रेन (साधारण १९ ग्रॅम) वजनाची गोळी नेहमीची.

हँडलोडिंगचं, म्हणजे काडतूस स्वतः हाताने भरण्याचं म्हणाल तर गोळीचा मेक जरी बदलला तरी पावडर (काडतुसातली दारू) कमीपासूनच सुरू करायची, नाहीतर काडतुसातलं प्रेशर धोकादायक वाढू शकतं. पण आपल्या सोलापुरात घरी काडतुसं भरू नका, त्याला वेगळं लायसन लागतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच आहे, नान्नजच्या माळरानावर माळढोक किती कमी राहिलेत माहितीय ना.