अर्थसंकल्पातली ‘तूट’ नेमकी कोणती?

प्रश्न : राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की एका मथळ्यात ‘45 हजार 891 कोटींची तूट’ असते आणि आतल्या पानावर ‘1 लाख 36 हजार कोटींची तूट’. यातली खरी कोणती? तुटीचा अर्थसंकल्प म्हणजे सरकार तोट्यात आहे असे समजायचे का? आणि पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात अशी तूट का दिसत नाही?

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही 10 मार्च 2025 रोजी मांडलेल्या 2025-26 च्या अर्थसंकल्पातलेच आहेत. मथळ्यात विशेषण गाळले गेल्यामुळे घोटाळा होतो. पहिली महसुली तूट आहे, दुसरी राजकोषीय तूट. अर्थसंकल्पाच्या संदर्भात नुसती ‘तूट’ लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी तोट्याचे बघू. तूट म्हणजे जेवढे हवे होते आणि जेवढे हाती आले, त्यांतला फरक. धान्याच्या पोत्यात दोन किलोंची तूट येते ती याच अर्थाने. तोटा हा व्यवहारात होतो, घातलेले भांडवल परत आले नाही की. एसटी महामंडळ तोट्यात असू शकते, कारण ते तिकीट विकते आणि त्यातून खर्च भागवते. राज्य सरकार पगार, निवृत्तिवेतन, रुग्णालये, पोलीस यांवर खर्च करते, तिथे नफा-तोट्याचा हिशोबच लागू होत नाही. म्हणून ‘सरकार तोट्यात’ ही शब्दयोजना चुकीची आहे, आणि ‘वित्तीय घाटा’ ही तर सरळ हिंदीतून आलेली. ‘वित्तीय तूट’ आणि ‘राजकोषीय तूट’ मात्र एकच. दोन्ही रूढ आहेत, एका लेखात एकच वापरावे एवढेच.

आता ‘महसुली’. पुण्यात महसूल म्हटले की डोळ्यांपुढे तहसीलदार आणि सातबारा येतो. अर्थसंकल्पातला महसूल त्याहून पुष्कळ मोठा आहे. जमीन महसूल हे त्यातले फक्त एक लेखाशीर्ष, म्हणजे हिशोबातला ठरावीक क्रमांकाचा कप्पा, 0029. मुद्रांक व नोंदणी शुल्क 0030 मध्ये, दारूवरचे राज्य उत्पादन शुल्क 0039 मध्ये, राज्याच्या वाट्याचा जीएसटी 0006 मध्ये. शिवाय केंद्रीय करांतला हिस्सा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांपैकी 41 टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के ठरवला. या सगळ्याची बेरीज, अधिक करेतर उत्पन्न व केंद्राची अनुदाने, म्हणजे महसुली जमा. थोडक्यात, परत करावी न लागणारी आणि मालमत्ता विकून न आलेली जमा. वर्ष चालवायला लागणारा खर्च हा महसुली खर्च. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, वीजबिल, अनुदाने सगळे यातच. 2025-26 च्या अंदाजात जमा 5,60,964 कोटी आणि खर्च 6,06,855 कोटी. वजाबाकी 45,891. ही महसुली तूट.

दुसरा आकडाही ताळा करून पाहता येतो. अर्थसंकल्पाचा एकूण आकार 7,00,020 कोटी. त्यातून महसुली खर्च वजा केला की 93,165 कोटी उरतात. रस्ते, धरणे, इमारती अशा भांडवली खर्चासाठी आणि सरकारने दुसऱ्यांना दिलेल्या कर्जांसाठी. महसुली तुटीत हे मिळवले की 1,39,056 येतात. छापलेली राजकोषीय तूट 1,36,235. मधला 2,821 कोटींचा फरक म्हणजे दिलेल्या कर्जांची वसुली वगैरे ऋणेतर भांडवली जमा. राजकोषीय तूट म्हणजे वर्षभरात उसने आणावे लागणार ते. राज्याच्या 2005 च्या वित्तीय शिस्तीच्या कायद्यात तिला स्थूल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहे आणि वरचा आकडा त्या आतला आहे. राजकोषीय तुटीतून व्याज वजा केले की प्राथमिक तूट. ती बातम्यांत फारशी येत नाही.

मग शेवटी दोन्ही बाजू जुळतात कशा? कर्ज जमेला धरून. राज्य विकास कर्जरोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते, आणि केंद्राचे कर्ज थकीत असेपर्यंत राज्याला नवे कर्ज काढायला राज्यघटनेच्या अनुच्छेद 293(3) नुसार केंद्राची संमती लागते. म्हणजे राजकोषीय तूट किती ठेवायची, हे राज्य पूर्णपणे एकट्याने ठरवत नाही. कर्जाची रक्कम हातात यायच्या आधी रोकड कमी पडली तर रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीची ‘अर्थोपाय अग्रिमे’ घेतात. ती तूट नव्हे. ती चार दिवसांची हातउसनवारी आहे. या दोहोंची गल्लत मी अनेकदा वाचली आहे.

महसुली आणि भांडवली हा फरक शब्दांवरून वाटतो तेवढा सरळ नाही. राज्य सरकारने स्वतःच्या मालकीच्या रस्त्यावर केलेले मोठे काम 5054 या शीर्षाखाली, म्हणजे भांडवली. त्याच सरकारने जिल्हा परिषदेला शाळेच्या खोल्या बांधायला अनुदान दिले तर ते महसुली. भिंती दोन्हीकडे सारख्याच पक्क्या. पण खोल्यांची मालकी राज्याकडे येत नाही, म्हणून ते सहायक अनुदान ठरते. लेखाशीर्षाचा पहिला आकडा पाहिला की बहुतेक वेळा उलगडा होतो : 0 आणि 1 महसुली जमा, 2 आणि 3 महसुली खर्च, 4 आणि 5 भांडवली खर्च, 6 आणि 7 कर्जे, 8 आकस्मिकता निधी व लोकलेखा. त्यामुळे ‘महसुली तूट म्हणजे उधळपट्टी’ हे समीकरण सरसकट मांडता येत नाही. त्या तुटीत पगार-व्याज आहे आणि शाळाखोल्याही आहेत.

हे आकडे तयार कुठे होतात, हे पुण्याच्या वाचकांना ठाऊक असावे, कारण त्यातले बरेच इथेच होतात. शिक्षण, कृषी, सहकार, साखर ही आयुक्तालये पुण्यात आहेत. तालुक्यापासूनच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांकडून, म्हणजे कोषागारातून पैसे काढून ते वाटणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, आलेल्या मागण्या ही कार्यालये एकत्र करून मंत्रालयातल्या आपापल्या प्रशासकीय विभागाला पाठवतात, तिथून त्या वित्त विभागाकडे जातात. नमुन्यात शेजारी शेजारी रकाने असतात : मागच्या वर्षांची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. नेहमीची चूक होते ती उद्दिष्टात, म्हणजे पैसा नेमका कशावर जाणार ते सांगणाऱ्या शीर्षात. 01 वेतनाखाली मंजूर पदे धरायची की भरलेली, यावर गाडी अडते. मंजूर पदे धरली तर मार्चमध्ये निधी परत करावा लागतो, त्याला कागदोपत्री ‘प्रत्यर्पण’ म्हणतात. भरलेली धरली आणि मध्येच भरती किंवा महागाई भत्ता आला तर पुरवणी मागणी, म्हणजे वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे जादा पैशांची मागणी. त्यातही एका शीर्षातली बचत दुसरीकडे वळवायची तर ‘पुनर्विनियोजन’ लागते, आणि विधिमंडळाने एका अनुदानाखाली मंजूर केलेला पैसा दुसऱ्या अनुदानाकडे अशा रीतीने नेता येत नाही. ‘योजनेतर’ हा शब्द अजून कार्यालयांत कानावर पडतो. ती विभागणी 2017-18 पासून गेली. महाराष्ट्रात आता ‘अनिवार्य’ आणि ‘कार्यक्रम’ खर्च म्हणतात.

‘अनुदान’ इथे दोन अर्थांनी येते, तेही लक्षात ठेवावे. खत-वीज यांवरची सवलत किंवा शाळांना मिळणारी रक्कम हा एक अर्थ. विधानसभेने मागणीवर मतदान करून दिलेली मंजुरी हा दुसरा. ‘लेखानुदान’मधले, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला दिलेल्या तात्पुरत्या मंजुरीतले, अनुदान दुसऱ्या प्रकारचे. व्याज, राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन यांवर मतदानच होत नाही, तो ‘भारित’ खर्च. मतदानाचा तो ‘दत्तमत’. चर्चा मात्र भारित खर्चावरही होऊ शकते.

आणि मांडलेली तूट हा अंदाज असतो, निकाल नव्हे. 2024-25 चे उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात महसुली तूट 9,734 कोटी होती. 28 जूनच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती 20,051 कोटी झाली. जुलैत लगेच 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, ज्यांचा निव्वळ भार सुमारे 88,770 कोटी होता. अनेकांनी हा आकडा सरळ तुटीत मिळवून एक लाख कोटींच्या पुढची महसुली तूट काढली. ही बेरीज चुकीची होती. पुरवणी मागण्यांतला काही भाग भांडवली असतो, वर्षभरात इतर शीर्षांत बचत होते आणि जमाही बदलते. सुधारित अंदाजात महसुली जमा 4,99,463 कोटींवरून 5,36,463 कोटींवर गेली, आणि महसुली तूट 26,536 कोटी धरली गेली. बचत मात्र नेहमी आनंदाची नसते. कित्येकदा तिचा अर्थ मंजूर काम झालेच नाही, असा असतो.

शिल्लक चांगली आणि तूट वाईट, या समजालाही जुना पुणेरी प्रतिवाद आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात शिलकी अर्थसंकल्पावरच टीका केली. दुष्काळाने लोक गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. शिलकीचा आकडाही तुटीइतकाच तपासून घ्यावा लागतो.

राहिले महापालिकेचे. महापालिकेला कायद्याने वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते, आणि तिथे कर्ज जमेच्या बाजूलाच मोजले जाते. पुणे महापालिकेने 2017 मध्ये 24 तास पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. अशी रक्कम आली की जमा वाढते, तूट दिसत नाही. राज्याच्या मोजमापाने तीच रक्कम राजकोषीय तुटीत गेली असती. शिवाय अंदाजपत्रकात जमेचा अंदाज फुगवला तरी कागदावर शिल्लकच राहते. तिथली खरी तूट शोधायची असेल तर अंदाजित जमा आणि त्या वर्षी प्रत्यक्ष आलेली जमा हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहावेत.