वर्गाचे संकेतस्थळ सुरू करताना

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सातवीच्या विज्ञानासाठी वर्गाचे संकेतस्थळ सुरू करण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. गूगल साइट्स, ब्लॉगर आणि वर्डप्रेस या संकेतस्थळ उभारण्याच्या साधनांपैकी कोणते घ्यावे, असे तू विचारले आहेस. शाळेने मुलांना गूगलची खाती दिली असतील तर गूगल साइट्स घे, कारण तेथे सगळी पाने शाळेच्या खात्यांपुरती मर्यादित ठेवता येतात आणि पालकांना ती मुलाच्या खात्यातून पाहता येतात. मात्र ते स्वतःच्या खासगी खात्यावरून उभारू नकोस. उद्या तू दुसऱ्या शाळेत गेलीस तरी ते वर्गाकडेच राहिले पाहिजे.

यापेक्षा अधिक विचार हवा तो ही पाने कोण आणि केव्हा उघडणार याचा. तापाने दोन दिवस घरी राहिलेली मुलगी, किंवा मंगळबाजारातले दुकान बंद करून रात्री उशिरा घरी आल्यावर मुलाचा गृहपाठ पाहू इच्छिणारे वडील, आणि घरात सर्वांत मिळून एकच फोन, हे वाचक डोळ्यांसमोर ठेव. त्यांना पहिल्याच पानावर, सर्वांत वर, चालू आठवड्यात काय शिकवले, गृहपाठ कोणता आणि सोमवारी काय आणायचे, एवढे दिसले पाहिजे. स्वागताचा मजकूर, शाळेचे बोधवाक्य आणि हलणारी चित्रे यांनी ती जागा अडवू नकोस. फळ्याचा फोटो टाकण्याऐवजी मजकूर टंकून घाल. तो मोठा करून वाचता येतो, शोधता येतो आणि डोळ्यांनी अधू असलेल्या आजोबांना फोनकडून वाचून घेता येतो. कार्यालयातल्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवलास तर फोनवर नुसती निरर्थक अक्षरे उमटतील, म्हणून सर्व लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीतच कर.

मागचे आठवडे पुसून टाकू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले आणि शाळा बंद राहिल्या, ते तुला आठवत असेलच. अशा वेळी ज्याच्या वह्या-पुस्तके भिजून गेली त्या मुलाला जूनपासूनचे धडे एका जागी, तारखेनुसार मिळणे ही केवढी मोठी मदत आहे! आपल्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या हाती ग्रंथालयांची उभारणी सोपवली, तेव्हा जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तके पेट्यांतून पाठवली जात. वाचकाला येणे जमत नसेल तर पुस्तकाने त्याच्याकडे जावे, ही दृष्टी या शहराला शंभराहून अधिक वर्षांपासून परिचित आहे, आणि तुझ्या कामात ती उतरावी असे मला फार वाटते.

संकेतस्थळाला जिवंतपणा येतो तो मुलांच्या लेखनाने. आम्ल-आम्लारीचा धडा घेशील तेव्हा गाळणकागदाला हळदीचे पाणी लावून वाळव, त्यावर साबणाचे पाणी टाकायला सांग, आणि मग एखाद्या मुलाने जे पाहिले ते त्याच्याच शब्दांत लिहू दे: ‘पिवळा कागद तांबडा झाला. वरून लिंबू पिळले तर परत पिवळा झाला. आईच्या साडीवरचा हळदीचा डाग साबणाने लाल का होतो ते आज कळले.’ निरीक्षणात चूक असेल तर त्याच्याशेजारी बसून प्रयोग पुन्हा करून घे, पण वाक्ये फार घासूनपुसून गुळगुळीत करू नकोस. प्रौढाने लिहून दिलेला मजकूर मुले लगेच ओळखतात आणि मग वाचत नाहीत.

याच ठिकाणी मी तुला सर्वांत आग्रहाने सांगते, की मुलाची ओळख जपणे ही तुझी जबाबदारी आहे. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि गुण कधीही टाकू नयेत. चेहऱ्यांऐवजी हातांचे, वहीचे, प्रयोगाच्या मांडणीचे फोटो घ्यावेत आणि फोनमध्ये फोटोसोबत ठिकाणाची नोंद होत असेल तर ती आधी बंद करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. तेव्हा मुख्याध्यापकांची परवानगी आणि प्रत्येक पालकाची लेखी संमती हाती आल्याशिवाय मुलांचे काहीही प्रसिद्ध करू नकोस. एखाद्या पालकाने नकार दिला तर कारण विचारू नये, आणि त्या मुलाला वर्गात वेगळे वाटू देऊ नये.

पाठ्यपुस्तकाची पाने स्कॅन करून टाकण्याऐवजी दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरील अधिकृत पुस्तकाचा दुवा दे. चित्रे विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावरून घेतलीस तर चित्रकाराचे नाव आणि परवान्याचा उल्लेख खाली कर. मुलेही ते पाहून शिकतील.

आरंभी तीनच पाने पुरेत: चालू आठवडा, मागचे आठवडे आणि मुलांचे लेखन. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यासाठी राखून ठेव, आणि जे त्या अर्ध्या तासात बसत नाही ते निदान पहिल्या सत्रात हाती घेऊ नकोस. सर्वांना दुवा देण्याआधी दोन पालकांना त्यांच्याच फोनवर ते उघडायला दे, स्वतः काही न सांगता शेजारी बस, आणि गृहपाठ शोधताना त्यांचे बोट कोठे अडते ते टिपून घेऊन तेवढे दुरुस्त कर.

तुझ्या
बाई