अक्काला विचारा : 'प्रेमळ, कष्टाळू, मायाळू'च्या पुढं काय लिहू?

अक्का, माझी माय गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. दादानं प्रथम पुण्यस्मरणाला हरिकीर्तन ठेवलंय, गावजेवण आहे, आणि त्या दिवशी वाटायला आठ पानांचं छोटं पुस्तक काढायचं ठरलंय. त्यातली दोन पानं मायवर मी लिहायची. पंधरा दिवस झाले, रोज रात्री मोबाईल घेऊन बसते आणि 'प्रेमळ, कष्टाळू, मायाळू' एवढं लिहून पुसते. दादा म्हणतो जन्मतारीख टाक, आधारवर 1 जून आहे पण खरी कुणालाच माहीत नाही. अण्णांना विचारलं की 'चांगली होती' म्हणतात आणि उठून गोठ्यात जातात. काय करू?
– एक लेक, औसा तालुका

पोरी, पत्र वाचून आधी हसूच आलं, रागावू नको. ते तीन शब्द मी पण लिहिलेत माझ्या आईवर, आणि आमच्या चौकात आजवर जेवढे श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले त्या सगळ्यांवर तेच असतात, फोटो तेवढा बदलतो. शब्द खोटे नाहीत गं, पण ते कुणाच्याही आईला बसतात, म्हणून तर तू लिहून पुसतेस.

'माय कशी होती' हा प्रश्नच सोडून दे. माय काय करायची ते लिही. उठल्या उठल्या पहिलं काय हातात घ्यायची, पदराच्या गाठीला काय बांधलेलं असायचं, कुणावर चिडायची, चिडली की तोंडात शिवी कोणती असायची (लिही बिनधास्त, गाव वाचून हसेल, हसू दे), पाहुणे आले आणि घरात साखर नसली तर कुणाच्या दाराला जायची. अशा दहा गोष्टी सुचल्या की तुझी दोन पानं भरली.

आता जन्मतारीख. 1 जून ही मायची तारीख नाही, ती बहुतेक कुठल्यातरी गुरुजींची आहे. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनलाच असतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि तारीख माहीत नसली की गुरुजी तीच टाकायचे. ती छापू नको. आपल्याकडच्या बायका वय सालात मोजत नव्हत्या. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा माय केवढी होती हे मामाला विचार. खडी फोडायला आईबरोबर जायची का, सुकडी खाल्ल्याचं सांगायची का, ती लाल मिलो ज्वारी, अमेरिकेहून आलेली, तिची भाकर घशाखाली उतरत नव्हती असं काही बोलायची का. मग किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, औशाला तर चांगलाच हादरा होता, त्या रात्री माय कुठं होती, तू कडेवर होतीस का पोटात, पुढं किती दिवस अंगणात झोपलात. आणि 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तुमच्या घरी घागरी किती होत्या आणि मायचा नंबर टँकरपाशी कितवा असायचा. ह्या तीन ठिकाणी तिला उभी केलीस की तारीख कुणी विचारणार नाही.

अण्णांचं मात्र जरा सबुरीनं घे. माझ्या वडिलांचं सांगते. आई उन्हाळ्यात गेली आणि तिथून पुढं सात महिने हा माणूस 'हं' आणि 'ऱ्हाऊ दे' ह्याच्या पुढं बोलला नाही. आम्ही भावंडं येता जाता विचारायचो, आईची आठवण येते का हो. काय उत्तर देणार बिचारे? मग वेळ अमावस्या आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी घरात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच पांडव मांडायचे, आंबील, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणि भज्जी. त्या वर्षी भज्जी वहिनीनं केली. हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, आंबट चुका, सगळं होतं, बेसन लावून छान घट्ट केलेली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "चुका कमी पडला. ती बाजारचा घेत नव्हती, विहिरीकडच्या वाफ्यातला घ्यायची, आन् चिंच नंतर." वहिनीचं तोंड पडलं, पण मी तिला खुणेनं गप्प बसवलं आणि विचारलं, चिंच नंतर का घालायची? झालं. दिवस मावळेपर्यंत बोलले. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला भज्जी येतच नव्हती, सासूनं पातेलं उपडं केलं होतं, मग ती वाफा लावून चोरून शिकली, हे आम्हाला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. दादा सांगताना उंड्याचा एक तुकडा बोटांत धरून होते, तो शेवटपर्यंत खाल्लाच नाही.

म्हणून अण्णांना मायबद्दल विचारू नको, वस्तूबद्दल विचार. तेही समोर बसून वही काढून नको. ते गोठ्यात जातात ना, तू पण जा, शेण उचलता उचलता विचार की ही गाय मायला मारायची का. मोबाईलचा रेकॉर्डर खिशात चालू ठेवलास तरी मी तुला नावं ठेवणार नाही, पण घरी आल्यावर अण्णांना ऐकव.

आणखी एक. माय जात्यावर ओव्या म्हणायची का? तू लिहिलं नाहीस, पण त्या वयाची बाई म्हणजे म्हणतच असणार, निदान मावशीला तरी चार ओळी येत असतील. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर ह्या दोघा अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि ओवीखाली म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव लिहिलं. ज्यांचं नाव सातबारावर कधी लागलं नाही त्या बाया. मायची एक ओवी मिळाली तर पहिल्या पानावर तीच घे, आणि खाली तिचं पूर्ण नाव टाक, नुसतं अमक्याची पत्नी नको.

अक्का, मी निवृत्त शिक्षक, परभणी. सौ. गेल्याला तीन महिने होतील. तिचा मोबाईल मी अजून चार्जिंगला लावतो. रिचार्ज संपलाय. सूनबाई म्हणते नंबर बंद करून टाका. मला तिच्या व्हॉइस नोट ऐकायच्या असतात. लोक हसतील का?

गुरुजी, हसेनात का. पण घाई करा, कारण प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही की कंपनी बंद करू शकते आणि पुढं तो नंबर दुसऱ्या कुणालातरी जातो. आधी छोटा रिचार्ज मारा. मग मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार घेऊन दुकानात जा, नंबर तुमच्या नावावर करून मागा. व्हॉट्सअॅपचं असं आहे की 120 दिवस खातं चाललंच नाही तर ते काढून टाकतात. तुमच्या फोनवर आलेल्या नोट तुमच्याकडं राहतात हो, पण फोन पाण्यात पडला की संपलं. एक एक नोट दाबून धरायची, शेअर करायची आणि मेलवर नाहीतर पेनड्राइव्हवर ठेवायची. सूनबाईंनाच शिकवायला सांगा, दोघं बसून ऐकाल तरी. 'येताना कोथिंबीर आणा' वाली पण ठेवा, ती तर आधी ठेवा.

आई गेली, बाबा आहेत. पितृपक्षात आईचं तिथीला करायचं की नवमीला? घरात दोन मतं आहेत. स्वयंपाकाला पुरणपोळी करणार.
– नांदेड

नवमीला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी म्हणतात ती. सवाष्ण जेवायला बोलवायची, ओटी भरायची, जमलं तर साडी. तिथी असते ती वर्षश्राद्धाला, आणि बहुतेक घरांत पहिलं वर्ष झाल्यावरच पक्ष घालतात, तेवढं तुमच्या भटजींना विचारून घ्या.

स्वयंपाक मात्र आईच्या आवडीचा करा. तुम्ही लिहिलंय 'पुरणपोळी करणार', ती बाबांची आवड आहे की आईची? आमच्या घरी हाच प्रश्न निघाला तेव्हा पाच भावंडांत एकालाही सांगता आलं नाही, कारण आई जेवायची सगळ्यात शेवटी आणि उरेल ते. शेवटी मावशीला फोन लावला. ती म्हणाली, तिखट मिठाच्या पुऱ्या, लहानपणी चोरून खायची.